ताटी कधी लावावी, कधी उघडावी



तुमच्या घरात आता एखादी अशी खोली असेल, खोली नसली तर खिडकीजवळचा एखादा कोपरा असेल, जिथे मुलगा, सून किंवा लेक सकाळपासून लॅपटॉप उघडून बसलेली असते. आई जेवायला हाक मारते, आतून ओ येत नाही. पुन्हा हाक मारली तर ओ येते, पण चिडून येते. माणूस घरात असूनही घरात नाही, असे तुम्हाला वाटते. त्या आतल्या माणसांपैकी मी एक आहे. आत काय चालते, माझ्या हातून तिथे काय चुकले आणि आमच्या अण्णांच्या वीणेने मला काय शिकवले, हे तुम्हाला सांगावे म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचे गाव कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या अंगाला. मी एका कंपनीत पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचे काम करतो. कारखान्यातल्या कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम, फंडाची कपात यांचा हिशेब आमची यंत्रणा करते आणि महिनाअखेरीस पगाराची फाइल बँकेकडे जाते. २०२० पर्यंत मी रोज लोकलने मुंबईला जात असे. कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर, जलद गाडीनेही जवळपास दोन तास. सकाळी आमच्या डब्यात भजन असे. कर्जत, नेरळ, वांगणीला चढणारी मंडळी पिशवीत टाळ घेऊन यायची. बदलापूर येईपर्यंत डबा रंगात यायचा आणि दादर जवळ आले की शेवटचा अभंग. तरीही मी त्या प्रवासाला रोज नावे ठेवत असे. आयुष्यातले चार तास रोज फुकट जातात, म्हणत असे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लोकल थांबली. घरी बसून काम करा, असे कंपनीने सांगितले. मला तर विठ्ठलच पावला असे वाटले. पहाटे अण्णांबरोबर काकडा म्हणावा, दिवसा काम करावे, संध्याकाळी हरिपाठाला बसावे. आणखी काय हवे?

महिन्याभरात त्यातले काहीच उरले नाही. माउली, कचेरीत शेजारी बसलेल्या माणसाच्या पाठीकडे पाहून कळते, की तो आता हिशेबात गढला आहे, त्याला हाक मारू नये. घरोघरी विखुरलेल्या माणसांना एकमेकांची पाठ दिसत नाही. म्हणून जो तो मनात आले की मेसेज टाकतो. आणि आपण खरेच कामावर आहोत हे साहेबांना कसे कळणार, या भीतीने जो तो मेसेजला क्षणात उत्तर देतो. उत्तर लवकर देणे हीच हजेरी झाली. माझ्या पडद्यावर पाच ग्रुप होते. टिंग वाजले की हातातले सोडायचे, तिकडे जायचे, परत यायचे, तोवर पुन्हा टिंग. लोकलचे चार तास वाचले होते, ते आणि वर आणखी चार तास त्या टिंगने खाल्ले. रात्री दहाला लॅपटॉप मिटताना दिवसभरात काय केले हे आठवत नसे. हरिपाठ तर अण्णा एकटेच म्हणू लागले होते.

मे महिन्यात माझ्या हातून चूक झाली. औषधांच्या एका कारखान्याचा हिशेब मी तपासत होतो. टाळेबंदीतही तो कारखाना चालू होता आणि कामगारांचा ओव्हरटाइम भरपूर झाला होता. आकडे जुळवताना मध्येच मेसेज सुरू झाले. सगळ्यांना उत्तरे देऊन परत आलो तेव्हा माझी अशी समजूत झाली, की ही तपासणी पूर्ण झाली आहे. ती झालीच नव्हती. फाइल बँकेकडे गेली आणि त्या महिन्याचा ओव्हरटाइम कामगारांना मिळालाच नाही. आठ दिवसांनी दुरुस्ती होऊन पैसे गेले. कंपनीच्या लेखी ती एक लहान चूक होती.

पण त्याच आठवड्यात अण्णांना त्यांच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याचा फोन आला. ते खालापूर तालुक्यातले, त्याच कारखान्यात कामाला. अण्णा फोनवर म्हणत होते, "असू द्या हो, किराण्याचं मी बोलतो आपल्या दुकानदाराशी, चार दिवस थांबेल तो." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बघ, जीव धोक्यात घालून जादा पाळ्या केल्या आणि पैसे अडकले. कुणाचं तरी लक्ष नसेल कामात." ते 'कुणाचं तरी' म्हणजे मी, हे अण्णांना ठाऊक नव्हते. मला जेवण गेले नाही.

त्यानंतर ३ जूनला निसर्ग वादळ आले. रायगड जिल्ह्यात घरांचे पत्रे उडाले, झाडे आणि विजेचे खांब कोसळले. आमच्या गावातली वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही गेली. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप चार्ज केला आणि सहज म्हणून एक अडकलेले काम उघडले. तीन आठवडे ते मला सुटत नव्हते. त्या दिवशी टिंग वाजले नाही. तीन तासांत काम सुटले. बाहेर लोक झाडाच्या फांद्या तोडत होते, घामाघूम होत होते आणि मी आत बसून मनात म्हणत होतो, की रेंज आलीच नाही तर बरे. तो विचार वाईट होता, हे आज कळते. पण तेव्हा मला एकच गोष्ट दिसली होती. अखंड बसले तर काम होते, तुटक बसले तर होत नाही.

मग मी ताटी लावली.

ताटीची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. लोकांच्या बोलण्याने मन दुखावलेले ज्ञानोबाराय झोपडीचे दार लावून आत बसले आणि बाहेर उभ्या राहिलेल्या धाकट्या मुक्ताबाईंनी त्यांना दार उघडण्यासाठी विनवले. ताटीचे अभंग आपण सगळे गातो. माझ्या ताटीला एवढे मोठे कारण नव्हते. मी सगळ्या ग्रुपचे आवाज बंद केले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, दाराला आतून कडी घातली. सकाळी दहा ते चार कुणी भेटायचे नाही. काम फार चांगले होऊ लागले. साहेबांनी शाबासकी दिली. मी कडी आणखी घट्ट केली.

त्या वर्षी १ जुलैला आषाढी होती. पायी वारी झाली नाही. ३० जूनला संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि ते अण्णांनी दूरदर्शनसमोर हात जोडून पाहिले. इतक्या वर्षांचा नेम मोडला म्हणून ते दिवसभर बोलले नाहीत. मी मात्र चार वाजल्यावर कडी काढून बाहेर आलो आणि विचारले, "काय झालं, गप्प का?" आईने माझ्याकडे असे पाहिले, की ती नजर अजून विसरलो नाही.

पुढची गोष्ट एप्रिल २०२१ ची. करोनाची दुसरी लाट होती. आमच्या गटात विदर्भातला एक तरुण मुलगा नवीन लागला होता. त्याचे काम मी पाहायचे होते. एके दिवशी सकाळी अकराला त्याचा मेसेज आला होता, "दादा, दोन मिनिटं बोलता येईल का?" मी तो चार वाजता पाहिला. फोन केला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आईचा ऑक्सिजन कमी होतोय दादा. बेड शोधतोय. पण आजची फाइल माझ्याकडे होती, ती कुणाला देऊ ते कळेना, म्हणून फाइल करता करता फोन लावत होतो." पाच तास तो पोरगा एका हाताने लोकांचे पगार करत होता आणि दुसऱ्या हाताने आईसाठी बेड शोधत होता. मी कडी लावून, मन एकाग्र करून, शांत बसलो होतो.

त्याच्या आईला रात्री बेड मिळाला आणि पांडुरंगाच्या कृपेने त्या वाचल्या. पण नंतर तो एकदा बोलून गेला, "त्या दिवशी मी फार एकटा होतो." त्याने तक्रार केली नव्हती. तक्रार केली असती तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री मी अण्णांना सगळे सांगितले. मे महिन्यातली चूकही सांगितली. अण्णा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "वारीत संध्याकाळची समाजआरती पाहिलीस ना तू?"

मी लहानपणी त्यांच्याबरोबर दोनदा चाललो होतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती आरती पाहिली असेल. तरी जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर येते. दिंड्या तिच्याभोवती रिंगण धरून उभ्या राहतात. हजारो टाळ आणि मृदंग एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच दिंडी टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तो एकच टाळ तळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झाले ते ऐकतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. मग तो टाळही थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते आणि मग आरती होते.

अण्णा म्हणाले, "दिवसभर वाटेनं कुणी कुणाला आपलं गाऱ्हाणं सांगत नाही. मुखी नाम चालू असतं. का सांगत नाही? संध्याकाळी ऐकणारा आहे, हे पक्कं ठाऊक असतं म्हणून. ऐकणारा नसता तर वाटेतच भांडणं झाली असती, नाम कुठलं? तू शांतता घेतलीस, पण दंड उचलणारा ठेवला नाहीस. त्या पोराचा टाळ सकाळपासून वाजत होता. चोपदार कोण होता तुमच्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

"आणि दुसरं," ते म्हणाले, "सप्ताहात मी वीणा गळ्यात घालून पहाऱ्याला उभा राहतो. दोन तास कुणाशी बोलत नाही, बसत नाही, वीणा खाली ठेवत नाही. ते कुणाच्या जिवावर? भटारखान्यात कुणी भात बघतोय, कुणी पाहुण्यांना पाणी देतोय, तुझी आई घर बघतेय. आणि दोन तासांनी दुसरा येणार आहे, हे मला माहीत असतं. दुसरा येणारच नसेल तर वीणा घेऊन उभं राहणं म्हणजे नुसता हट्ट."

माउली, आयुष्यभर मी वीणेचा पहारा पाहत आलो. नवा पहारेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. सात दिवस आणि सात रात्री ती अशीच उभी राहते. पण 'अखंड' या शब्दाचा अर्थ मी चुकीचा धरला होता. मला वाटायचे, अखंड म्हणजे एका माणसाने कुणाचेही न ऐकता बसणे. सप्ताहातले अखंडपण एका माणसाचे नसते. ते सगळ्या गावाने वाटून घेतलेले असते. कुणी एक उभा राहतो, कारण बाकीचे त्याच्या वाटचे सांभाळतात. मग त्याची पाळी संपते आणि तो दुसऱ्यासाठी सांभाळायला जातो.

एकनाथ महाराजांच्या दोन कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. एक हिशेबातल्या पैची. देवगिरीवर जनार्दन स्वामींच्या कचेरीत एका पैचा फरक लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पै सापडली तेव्हा त्यांना आनंद आवरला नाही. एका पैत एवढे चित्त लागते तर देवात का लागणार नाही, असे स्वामी म्हणाले. ही कथा मला फार आवडायची, कारण मीही हिशेबातला माणूस. दुसरी कथा मी नुसती ऐकली होती. स्वामी समाधीत होते आणि किल्ल्यावर शत्रू चालून आला. नाथांनी स्वामींना उठवले नाही. त्यांचे चिलखत स्वतः चढवले, लढाईला गेले, शत्रू परतवला आणि पुन्हा आपल्या सेवेत रुजू झाले. पहिल्या कथेतले नाथ व्हावे, असे मला वाटत असे. रात्रभर चित्त लावून बसणारे. पण स्वामींची समाधी टिकली ती दुसऱ्या कथेतल्या नाथांमुळे. कुणीतरी चिलखत चढवून दाराशी उभे राहिले म्हणून आतला माणूस निश्चिंत बसला. माझ्या गटात चिलखत कुणीच घातले नव्हते. किंवा असे म्हणा, सगळ्यांनीच दिवसभर घातले होते, म्हणून समाधी कुणालाच लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गटातल्या आठ जणांशी बोललो आणि आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या घरातही कुणी असे काम करत असेल तर त्यांना उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटे सगळ्यांनी भेटायचे. दहा ते एक कुणी कुणाला हाक मारायची नाही. मात्र त्या वेळात आठांपैकी एक जण पहाऱ्यावर असेल. बाहेरून काहीही आले, साहेबांचे, ग्राहकाचे, नव्या मुलाचे, तरी ते आधी पहारेकऱ्याकडे जाईल. जमेल ते तो सोडवेल, थांबण्यासारखे असेल ते लिहून ठेवेल. संध्याकाळी पाचला पुन्हा सगळे भेटतील आणि तेव्हा पहिला प्रश्न, "कुणाचा टाळ वाजतोय का?" अडलेल्याचे आधी, कामाचा आढावा नंतर. मेसेज लिहायचा तो पुरता लिहायचा. "वेळ आहे का?" एवढेच लिहायचे नाही. काय अडले, कधीपर्यंत हवे, हे त्यातच सांगायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे थांबेल की नाही. आणि जे थांबणारच नाही, घरचे दुखणे, मोठी चूक, जिवाची गोष्ट, त्यासाठी मेसेज नाही, सरळ फोन. फोन वाजला की कुणीही, कितीही गढलेला असला तरी उचलायचा. म्हणून फोन उगाच करायचा नाही.

हे सुरळीत झाले असे समजू नका. पहिल्या महिन्यात पहाऱ्यावरच्या माणसाचे स्वतःचे काम शून्य होई आणि संध्याकाळी तो ओशाळून सांगे, "आज माझं काही झालं नाही." दोघांनी तर पहारा नको म्हणून सांगितले. मग साहेबांशी बोलून ठरवले, की पहारा हेच त्या दिवसाचे काम. पहारेकऱ्याला आज काय केलेस असे विचारायचे नाही. सप्ताहात भटारखान्यात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण विचारतो का, की तुझे पारायण किती झाले? साहेबांनाही आधी धास्ती होती, लोक तीन तास गप्प म्हणजे झोपले असतील. तीन महिने पाहू म्हणाले. पगाराच्या फाइलींतल्या चुका कमी झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच दहा ते एक मेसेज पाठवणे बंद केले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकल पुन्हा उघडली. आता आठवड्यातून दोन दिवस कचेरीत जावे लागते. त्या दिवशी मी सकाळच्या भजनाच्या डब्यात चढतो. ते दोन तास आता फुकटचे वाटत नाहीत. त्या डब्यात एक ताटी होती आणि ती लावायची-उघडायची वेळ रेल्वेने ठरवून दिली होती. घरी बसल्यावर ती वेळ आपली आपल्याला ठरवावी लागते, एवढाच फरक.

फोनचा नियम किती खरा आहे हे १९ जुलै २०२३ च्या रात्री कळले. त्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीत गाडी जाणारा रस्ता नव्हता. चौक, खालापूर, खोपोली भागातल्या कितीतरी लोकांचे फोन रात्री वाजले आणि ते उठून पावसात, अंधारात तो डोंगर चढले. आपल्या भागात खोपोलीची 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' नावाची मंडळी आहे. घाटात अपघात झाला की निरोप फिरतो आणि हातातले टाकून ती धावतात. अशी हाक आली की नामस्मरण मोडले असे कोणता वारकरी म्हणेल? उलट, ज्याचा फोन दिवसभर फालतू गोष्टींसाठी वाजत नाही, त्यालाच रात्रीच्या फोनचा अर्थ चटकन कळतो. रोज शंभर वेळा टिंग ऐकणारा कान एकशे एकावी हाक ओळखत नाही.

घरीही मी एक खूण केली होती. दहा ते एक खोलीच्या दाराला अण्णांचे जुने उपरणे टांगायचे. उपरणे दिसले की समजायचे, आत पहारा चालू आहे. आईला ते फार आवडले. ती नातवंडांनाही गप्प करायची. आता माझी सगळी घडी बसली असे मला वाटले, आणि तिथेच पुन्हा चुकलो.

जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी अण्णा मोरीत घसरून पडले. घरात आई एकटीच होती. ती माझ्या दाराशी आली, उपरणे पाहिले आणि थबकली. आत कडी होती. किती वेळ ती तशी उभी राहिली हे तिलाही सांगता येत नाही. "तुझं काहीतरी महत्त्वाचं चाललं असेल म्हणून वाटलं, एकदा मोरीत जाऊन बघून येते, उठतील तर उठतील," ती नंतर म्हणाली. अण्णांच्या खुब्याचे हाड मोडले होते. त्या काही मिनिटांनी हाड जास्त मोडले नाही, डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. पण गटातल्या आठ जणांना मी सांगितले होते, की जिवाची गोष्ट असेल तर मला थेट हाक मारा. आईला सांगायचे राहिले होते. घरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, असे मी धरून चाललो होतो. मुक्ताबाईंनी ताटी ठोठावली, कारण आतल्यावर आपला हक्क आहे हे त्यांना ठाऊक होते. माझ्या आईला माझ्या दारावर तो हक्क वाटू नये, असे मी वागत आलो होतो.

त्या संध्याकाळी मी दाराची कडी स्क्रू काढून काढून टाकली. उपरणे अजून टांगतो. पण आईला सांगितले आहे, की हे उपरणे लोकांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. ती आता कधी कधी उगाच दार ढकलून आत डोकावते आणि काही न बोलता जाते. पहिल्यांदा मला त्याचा त्रास झाला. आता मान वर करून बघतो.

माघात गावाचा सप्ताह होता. अण्णांना उभे राहता येत नव्हते. रात्रीचा दोन ते चारचा पहारा कित्येक वर्षे त्यांचा. मंडळींनी विचारले, तेव्हा अण्णांनी माझे नाव सांगितले. नेमकी महिनाअखेर होती, पगाराच्या फाइलींचा आठवडा. मी गटात अडचण सांगितली. तेव्हा विदर्भातला तो मुलगा म्हणाला, "दादा, तुम्ही उभे राहा. हे सात दिवस तुमचा पहारा मी धरतो."

पहिल्या रात्री दोनला माझ्या आधीच्या वीणेकऱ्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. मंडपात अण्णा खुर्चीत शाल पांघरून बसले होते. थंडी होती. पहिला अर्धा तास मन फोनकडेच धावत होते, खोटे कशाला सांगू? मग त्या मुलाचे शब्द आठवले आणि हळूहळू नाम लागले. चारला पुढचे वीणेकरी आले, तेव्हा दोन तास झाले हे पटले नाही. घरी येऊन फोन पाहिला. रात्री दोन मेसेज आले होते आणि दोन्हींखाली त्याचे उत्तर होते.

माउली, तुमच्या घरातला तो आतला माणूस चिडून ओ देतो तेव्हा त्याच्यावर रागावू नका. त्याचे चित्त शंभर जागी ओढले जात असते. जेवायला बसला की त्याला एवढेच विचारा, "तुझा पहारा कधी असतो आणि तेव्हा तुझ्या वाटचं कोण सांभाळतं?" आणि तुम्हीच तो आतला माणूस असाल तर आज एकदा दाराची कडी पाहा. बाहेर कोण उभे आहे आणि हाक मारावी की नाही या विचारात थबकले आहे, ते कडी लावलेल्याला दिसत नाही.

राम कृष्ण हरी.